आभार कोणी मानायचे?

काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या शाळेची फी मी भरत होते. वडील वारलेले, आई मिळेल ते काम करून घर चालवणारी. ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, मी हो म्हटलं. वर्ष संपलं तशी ती मायलेकरं घरी आली. मुलाच्या हातात प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळलेलं प्रगतिपुस्तक होतं. "दाखव ना मॅडमना," आई म्हणाली. त्याने ते बाहेर काढलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि नजर फरशीला लावली. गणितात मार्क कमी होते. मी काही विचारायच्या आतच आई म्हणाली, "परीक्षेच्या वेळी तापाने फणफणला होता हो. पुढच्या वेळी भरून काढेल." मी खुलासा मागितला नव्हता. पण दिला जात होता आणि मी तो ऐकून घेत होते. मान डोलावली. "नीट अभ्यास कर हं," असंही म्हणाले.

ती दोघं गेल्यावर मला आठवलं, माझ्या मुलीला त्याच वर्षी गणितात त्याच्याहून कमी मार्क पडले होते. तिला ते घेऊन कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नव्हतं.

फी भरून मी त्या मुलाची परीक्षा घेण्याचा हक्क विकत घेतला होता, आणि तो आपण घेतलाय हे मला कळलंही नव्हतं. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे. बऱ्या परिस्थितीत जगणाऱ्याने कृतज्ञ असावं, हे सगळेच मानतात. आपण मानतोही. पण देण्याची वेळ आली की ती कृतज्ञता आपण समोरच्याकडून वसूल करतो. त्याने आभार मानावेत, नीट वागावं, दिलेल्याचं चीज करावं. माझ्या मते हे उफराटं आहे. जो देऊ शकतो, त्याच्या हातात ते कसं आलं हे त्याने पाहिलं तर कृतज्ञ राहण्याची जबाबदारी त्याच्याकडे येते. घेणाऱ्यावर ती टाकता येत नाही.

आता बरी परिस्थिती कोणाची, हा प्रश्न येतोच. कोणालाही विचारा, "आम्ही कसले श्रीमंत, आमचं आपलं भागतं" हेच उत्तर मिळेल. हे खोटं बोलणं नसतं. माणूस स्वतःला शेजाऱ्याच्या मापाने मोजतो. सारा सोलनिक आणि डेव्हिड हेमेनवे यांनी १९९८ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात लोकांपुढे दोन पर्याय ठेवले होते. तुम्हाला वर्षाला ५०,००० डॉलर आणि बाकीच्यांना २५,०००. किंवा तुम्हाला १,००,००० आणि बाकीच्यांना २,००,०००. वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्या. जवळपास निम्म्या लोकांनी पहिला पर्याय घेतला. म्हणजे निम्मी मिळकत चालेल, पण शेजारी आपल्यापुढे नको. माप असं असेल तर श्रीमंत झाल्याची जाणीव होणार तरी कधी? प्रत्येक पायरीवर वरची पायरी दिसतच राहते.

म्हणून माप शेजारच्या घरातून काढून थोडं लांब न्यावं लागतं. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा माणशी दिवसाला ३ डॉलर अशी ठरवली. तिच्याखाली जगणारी माणसं ८० कोटींहून जास्त आहेत. "तिकडे सगळं स्वस्त असेल" असं म्हणण्याची सोय नाही, कारण हा आकडा देशोदेशींच्या किमतींतला फरक हिशोबात धरूनच काढलेला असतो. साधारण दहा माणसांत एक. आणि घरात, गरज असेल तेव्हा, निर्धोक पाणी मिळेल याची खात्री नसलेली माणसं याहून कितीतरी जास्त, २०० कोटींच्या वर. नळ सोडला की पाणी येतं आणि ते न घाबरता पिता येतं, एवढं ज्याच्याकडे आहे तो या मापाने बऱ्या परिस्थितीतला माणूस आहे. तोच हा लेख वाचतो आहे, आणि तोच लिहितोही आहे.

इथे एक नेहमीचा सल्ला मिळतो: वर बघू नये, खाली बघावं, म्हणजे समाधान लाभतं. लहानपणापासून ऐकलेला आणि चांगल्या हेतूने दिलेला सल्ला आहे. तरी मला तो पटत नाही. खाली बघून मिळणारं समाधान टिकायला कोणीतरी खाली असावं लागतं. त्याच्या उपाशी पोटावर माझा सुस्कारा उभा राहतो. "बघ, तिच्या नशिबी काय आलं, आपलं किती बरं आहे" असं म्हणताना मी तिच्यासाठी काही करत नाही. तिच्याकडून फक्त दिलासा घेऊन जाते. याला कृतज्ञता म्हणू नये. ही सुटका झाल्याची भावना आहे, आणि सुटलेला माणूस सहसा मागे वळून पाहत नाही.

कृतज्ञता हा शब्दच काय सांगतो बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि ते जाणायचं असतं. त्याच्या विरुद्धचा शब्द आपण रागाच्या भरात सहज वापरतो, पण तो फार कठोर आहे. कृतघ्न, म्हणजे केलेलं मारून टाकणारा. नुसतं विसरणाऱ्यालाही आपण सहसा हाच शब्द लावतो.

मग कोणी, काय केलेलं असतं?

माझ्या आईच्या शस्त्रक्रियेनंतर रात्री अचानक रक्तस्राव सुरू झाला. पहाटेपर्यंत तिला रक्ताच्या चार पिशव्या चढवल्या. पहिली पिशवी लावण्याआधी दोन परिचारिका पलंगाशेजारी उभ्या राहिल्या. एकीच्या हातात कागद, दुसरीच्या हातात पिशवी. एक कागदावरचा नंबर वाचायची, दुसरी पिशवीवरचा. आकड्यामागून आकडा, मग रक्तगट, मग रक्त घेतल्याची तारीख, मग मुदत संपायची तारीख. प्रत्येक पिशवीला हेच. त्या थकलेल्या, सपाट आवाजातल्या वाचनात एकाही माणसाचं नाव नव्हतं. एका पिशवीवरची तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती. नऊ दिवसांपूर्वी कोणीतरी बाही वर करून आडवं झालं होतं. कोणासाठी, हे त्याला माहीत नव्हतं. आई जगली. तिचे आभार कोणाला पोचवायचे, हे मला आजही माहीत नाही.

बिल मी भरलं. पण ते तपासण्यांचं, पिशवीचं, शीतकपाटाचं आणि माणसांच्या पगाराचं होतं. रक्ताचं नव्हतं. शिवाय पिशवीच्या मागेही माणसांची रांग उभी होती. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्ताचे गट असतात हे दाखवून दिलं. त्याआधी एकाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे जुगार होता, अनेकदा जीवघेणा. पुढे सायट्रेट मिसळलं तर रक्त गोठत नाही हे कळलं. १९३७ मध्ये शिकागोच्या कूक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवून ठेवण्याची सोय केली आणि तिला 'ब्लड बँक' हे नाव दिलं. यांतल्या कोणाशीही माझा काडीचा संबंध नाही. आईची ती रात्र मात्र या सगळ्यांनी मिळून निभावली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात वर्षाला सुमारे ११ कोटी ८५ लाख पिशव्या रक्त गोळा होतं. त्यातलं सुमारे ४० टक्के श्रीमंत देशांत, जिथे जगातली जेमतेम १६ टक्के माणसं राहतात. म्हणजे आईला रक्त मिळालं ते तिच्या पुण्याईने नाही आणि माझ्या कर्तबगारीनेही नाही. ते असायला हवं होतं तिथे आम्ही होतो, इतकंच.

"पण मी कष्ट केले आहेत" हे उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण मी ते स्वतः देत आले. कष्ट खोटे नसतात. रात्री जागून केलेला अभ्यास, मारलेल्या हौशी, सोसलेली बोलणी, यांतलं काहीही नाकारायचं कारण नाही. पण कष्टाला भाव मिळतो, आणि तो भाव कष्ट करणारा ठरवत नाही. तोच ट्रक, तेवढेच तास, तीच जोखीम, आणि दोन देशांतल्या चालकांच्या पगारात मात्र कित्येक पटींचं अंतर. ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाने जगभरच्या उत्पन्नाची आकडेवारी तपासून दाखवलं आहे की माणसामाणसांच्या मिळकतीतला निम्मा किंवा त्याहून अधिक फरक, तो कोणत्या देशात जगतो एवढ्यावरूनच सांगता येतो. आणि देश बहुतेकांना जन्मानेच मिळालेला असतो. कष्ट माझे, पण कष्टाचा भाव मला आयता मिळालेला. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिली कबूल केली म्हणजे दुसरी नाकारावी लागत नाही.

हल्ली कृतज्ञतेच्या वह्या निघाल्या आहेत. रोज रात्री चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी लिहायच्या. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये अशा नोंदी करणाऱ्यांना बरं वाटतं असं दाखवलं, आणि तिथून हे लोण पसरलं. वही वाईट नाही. मीही ठेवली होती. पण माझी पानं चाळली तेव्हा त्यात घर होतं, तब्येत होती, सुट्टीचा दिवस होता. माणूस क्वचितच होता. म्हणून मी प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द लिहायला लागले: कोणामुळे? वही जड व्हायला लागली. 'शांत झोप' या ओळीपुढे रात्रपाळी करणारी किती माणसं येतात, मोजून बघा.

यांतल्या बहुतेकांची फेड मला करता येत नाही. काही हयात नाहीत, काहींची नावं ठाऊक नाहीत, काहींना माझं काही नकोच आहे. १९२३ मध्ये इन्सुलिन शोधणारे फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क टोरंटो विद्यापीठाला दिले ते एकेका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात. इन्सुलिनवर जगणाऱ्याने त्यांच्या ऋणातून उतराई व्हायचं तर कसं? मागे फेडता येत नाही ते पुढे फेडावं लागतं, दुसरी वाटच नाही. औदार्य या शब्दाबद्दल माझी थोडी कुरकुर आहे ती इथेच. तो शब्द देणाऱ्याला उंच करतो. जो ऋण फेडतो आहे त्याला कोणी उदार म्हणत नाही.

हा शब्दांचा खेळ नाही; त्याने व्यवहार बदलतो. देणगी म्हटली की ती मर्जीवर असते. महिना ओढाताणीचा गेला की सगळ्यात आधी तीच कापली जाते. हप्ता कोणी तसा कापत नाही. घरांचं जे, तेच देशांचं. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के इतकी रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी द्यावी, असं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ठरवलं. शंभरातला एक रुपयासुद्धा नाही. अर्धं शतक उलटून गेलं. २०२४ मध्ये ते गाठणारे देश चार होते: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनने आपली मदत ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणायचं जाहीर केलं, संरक्षणावर खर्च वाढवायचा म्हणून. प्रत्येक सरकारजवळ कारण असतं आणि ते अगदीच खोटं नसतं. पण कात्री नेमकी कुठे आधी लागते ते बघा. ज्याला आपण मनातून उपकार समजतो, तिथेच.

आपल्याकडे ऐपत आणि दानत असे दोन शब्द जोडीने येतात. ऐपत आहे पण दानत नाही, असं आपण एखाद्याबद्दल बोलून मोकळे होतो. माझा अनुभव असा की दानत ऐपतीची वाट बघत बसते आणि ऐपत कधी येतच नाही. घराचं कर्ज फिटू दे, मुलांची शिक्षणं होऊ देत, मग बघू. म्हणून भाग आधी ठरवलेला बरा. इस्लाममधल्या जकातीत वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के, शिखांच्या दसवंधात मिळकतीचा दहावा हिस्सा, असे आकडे धर्मपरंपरांनी घालून दिले तेव्हा त्यांनी माणसाचा हा चालढकलीचा स्वभाव नीट ओळखला असावा. आकडा ठरला की मनाला रोज विचारावं लागत नाही.

किती द्यायचं, याचं सगळ्यात कठोर उत्तर तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये दिलं. डबक्यात मूल बुडत असेल तर चिखलाने कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबणार नाही. मग दूरचं मूल वाचवता येत असताना का थांबता? या युक्तिवादातून निसटायची वाट मला सापडलेली नाही. तो शेवटपर्यंत पाळणंही मला जमलेलं नाही. पण शेवटपर्यंत जाता येत नाही म्हणून पहिलं पाऊलही टाकायचं नाही, ही पळवाट मी स्वतःला मिळू देत नाही. आपण शंभर मुलांना वाचवू शकत नाही, हे पहिल्या मुलाला सांगून काय उपयोग?

एका आक्षेपापुढे मात्र मी मान झुकवते. दान देऊन न्यायाची भरपाई होत नाही. अमेरिकेतले पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये श्रीमंतांनी आपली संपत्ती हयातीतच समाजासाठी वाटून टाकावी असं लिहिलं, आणि पुढे तसं केलंही. जगभर अडीच हजारांवर वाचनालयं त्यांच्या पैशांतून उभी राहिली. त्यांच्याच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात १८९२ मध्ये मजुरीवरून संघर्ष पेटला, माणसं मेली, कामगारांची संघटना मोडली गेली आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या चालू राहिल्या. १८९८ मध्ये तिथेही एक देखणं वाचनालय उघडलं. बारा तास भट्टीपुढे राबून आलेल्या माणसाने पुस्तक केव्हा उघडायचं, हा प्रश्न त्या इमारतीला विचारायलाच हवा. आपण कार्नेगी नाही, पण प्रश्न आपल्यालाही लागू आहे. घरात काम करणाऱ्या बाईला वेळेवर आणि पुरेसा पगार, आजारपणाची भरपगारी रजा, कर न चुकवणं, हे सगळं औदार्याच्या खात्यात धरायचंच नाही. ते देणं आहे. ते चुकवून वर दानधर्म करणाऱ्याने आधीचं देणं भागवावं. पण हाच आक्षेप "व्यवस्था बदलली पाहिजे, सुट्या मदतीने काय होतं" म्हणत हात खिशातच ठेवायला वापरला जातो, तेव्हा तो मला मान्य नाही. व्यवस्था बदलेपर्यंत रक्त तर कोणालातरी द्यावंच लागतं.

दुसरा आक्षेप ऐकला की मात्र मला राग येतो. "पैसे हातात दिले की हे लोक उधळतात, दारूत घालतात." डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी जागतिक बँकेसाठी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या रोख मदतीचे अभ्यास एकत्र करून तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. काही ठिकाणी तो घटलाच. गरिबाला पैशाची किंमत कळत नाही, हे म्हणायला पैशाची चणचण कधी न भासलेलाच माणूस लागतो. मी माझ्या पगाराचं काय करते, याचा जाब मला कोणी विचारत नाही.

दिल्याने देणाऱ्याला आनंद होतो, हेही प्रयोगांतून दिसलं आहे. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काही जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले; ज्यांनी ते दुसऱ्यावर खर्च केले ते संध्याकाळी जास्त खुशीत होते आणि रकमेने फरक पडला नाही. खरं असेल. मला हे कारण म्हणून पुढे करावंसं वाटत नाही, एवढंच. आनंद झाला तर घ्यावा. पण तो मिळवण्यासाठी समोरच्याला वापरलं, की परत त्या प्रगतिपुस्तकापाशीच येऊन थांबतो आपण.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत दिलेलं सगळ्यात खाली. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांची ओळखच नाही, ही वरून दुसरी. सगळ्यात वर, माणसाला पुन्हा मागावं लागू नये अशी मदत: कर्ज, भागीदारी, काम. मला ती दुसरी पायरी फार आवडली. रक्ताच्या पिशवीसारखी होती ती. म्हणून पुढच्या वर्षी मी फी परस्पर शाळेत भरली आणि त्या बाईंना निरोप धाडला की आता घरी यायची, काही दाखवायची गरज नाही. माझ्या परीने मी त्या मुलाला मोकळं केलं होतं.

काही महिन्यांनी त्या रस्त्यात भेटल्या. जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, आमच्यावर रागावलात का?"

"नाही हो ताई," मी म्हटलं. "त्याला उगाच अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून. त्याचे मार्क त्याचे. मला कशाला हिशोब द्यायचा?"

"हिशोब नाही हो," त्या म्हणाल्या. "पास झालं की कोणाला तरी सांगावंसं वाटतं त्याला. आम्हाला आहे कोण?"

मला पटकन काही सुचेना. मग म्हटलं, "या ना मग दोघं. माझी लेकही तिचं दाखवेल त्याला. गणितात तिचीही बोंबच आहे."

"मॅडम, खरंच?" त्या म्हणाल्या आणि रस्त्यातच मोठ्याने हसल्या.